दोरीचं दुसरं टोक

शाळेच्या ज्या खोलीत आम्ही ते दिवस काढले, तिच्या फळ्यावर पुराच्या आदल्या दिवशीचा सुविचार तसाच राहिला होता. 'पाण्याचा थेंब न् थेंब जपून वापरा.' आईनं तो कुणाला पुसू दिला नाही. शिरूर कासारच्या त्या भागात पाणी जपणं हेच माणसांचं खरं शिक्षण. सिंदफणेचं पात्र वर्षातले बहुतेक महिने नुसत्या वाळूचं असायचं, आणि बायका त्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या. त्याच नदीनं दिवस उजाडायच्या आत टाकळीचा खालचा अर्धा गाव गाळानं भरून टाकला होता. माणसं वरच्या अंगाला पळाली म्हणून वाचली. घरं, धान्य आणि दावणीला बांधलेली जनावरं मात्र राहिली नाहीत.

बाबा बीडच्या आमच्या चर्चचे पाळक आणि आई मिशनच्या दवाखान्यात नर्स. टाकळीला मदत घेऊन कुणीतरी राहायला हवं असा निरोप आला तेव्हा बाबांनी आईकडं पाहिलं आणि आईनं माझ्याकडं. मी गणितात नापास झाले होते, ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायचं होतं. माझी धाकटी बहीण मार्था अजून दुधाचे दात पाडत होती. "पोरींना कुठं ठेवता?" असं चर्चमधल्या एका काकूंनी विचारलं. आई म्हणाली, "कुठं म्हणजे? आमच्याबरोबर. तिथल्या लोकांच्या पोरी नाहीत का चिखलात?" माझं बीजगणिताचं पुस्तक तिनं आठवणीनं पिशवीत टाकलं. ते मी टाकळीत उघडल्याचं मला आठवत नाही. तिथं मी जे शिकले ते कुठल्याच परीक्षेला आलं नाही.

शाळा उंचावर होती म्हणून वाचली होती. तीन वर्गांत पूरग्रस्तांची कुटुंबं आणि कडेच्या एका खोलीत आम्ही. मधे भिंत होती खरी, पण आवाजाला भिंत नव्हती. पहाटे कुणाचं तरी तान्हं रडायला लागे, त्याच्यामागे दुसरं, आणि मग आईचा स्टोव्ह फरफरायला लागे. दिवसभर फावड्यांचा खरखर आवाज. गाळ घरातून काढायचा, अंगणात टाकायचा, अंगणातून पुन्हा बाहेर. बाबा धोतर खोचून त्यात उतरत. रविवारी उपदेशासाठी उभे राहिले की ज्यांच्या शर्टाची घडी मोडत नसे, ते बाबा कोपरापर्यंत काळे झालेले मला तिथंच पहिल्यांदा दिसले आणि फार आवडले. दुपारी मोठ्या पातेल्यात खिचडी शिजे. भिजलेल्या ज्वारीच्या भाकरीला कुबट वास यायचा. गावच्या बायकांनी त्यावर उपाय काढला होता, लसूण-मिरचीचा असा झणझणीत ठेचा करायचा की वास घ्यायला नाक शुद्धीवरच राहू नये. मदत म्हणून दुधाच्या पावडरीची पोती आली होती. पाण्यात कालवायची सोडून पोरं ती कोरडीच तळहातावर घेऊन चाटायची, मग ती टाळूला चिकटायची आणि सगळी पोरं मुक्यासारखी तोंडं करत हिंडायची. मार्था त्यांच्यात पहिली.

कपड्यांची गाठोडीही आली होती, कुठल्या कुठल्या परदेशातून. त्यात लोकरीचा, गळ्याला केसाळ पट्टी असलेला एक बायकी कोट निघाला. तो कुणाला द्यावा हे आईला कळेना. शेवटी बापू धनगर पुढं झाले. त्यांची निम्मी मेंढरं वाहून गेली होती, घोंगडंही गेलं होतं. त्यांनी कोट अंगात घातला, बटणं लावली आणि म्हणाले, "बेस हाय बाई. माजी मेंढरं गेली, पर आता मीच मेंढरू झालो." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. उरलेली मेंढरं घेऊन ते रोज त्या कोटात माळावर जात. एवढा रुबाबदार मेंढपाळ मी पुन्हा पाहिला नाही.

गावात शब्द चालायचा तो आबांचा. आबांची जमीन मोठी, नदीकाठचा मळा त्यांचा, सरपंचपद कधी त्यांच्याकडं तर कधी त्यांच्या माणसाकडं. आम्ही पोचलो त्याच दिवशी ते शाळेत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पास्टर, खिचडी वाटा, कापडं वाटा, आमचं काई म्हननं न्हाई. पर आमच्या मानसाला बाटवायचं न्हाई. आधीच सांगतो."

बाबांनी हातातलं फावडं टेकवलं. "आबा, त्याला लागतो तेवढा वेळच नाही माझ्याकडं. गाळ लई आहे."

आबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. वाईट माणूस नव्हते ते. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला त्यांना वाईट म्हणवत नाही. त्यांच्या माळावरच्या हापशाला तेवढं स्वच्छ पाणी राहिलं होतं आणि ते त्यांनी सगळ्या गावाला खुलं केलं होतं. मुख्य गावाच्या बायका सकाळी जायच्या आणि नदीकडच्या वस्तीतल्या दुपारी, हेही आबांनीच ठरवलेलं. ती वस्ती म्हणजे गावानं पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवलेली माणसं. पुरात सगळ्यात आधी त्यांची घरं गेली होती. दसरा-दिवाळीनंतर त्यातली बहुतेक ऊसतोडीला जात, यंदा त्यांना जायला घर सोडायचीही गरज नव्हती.

पाणी ओसरल्यावर आबांचे बैल आणि एक गाय बाभळीच्या झाडीत अडकलेली सापडली, गावाच्या विहिरीला लागूनच. दावं कापायला कुणाला वेळ मिळाला नव्हता, पाण्यानं ती खुंट्यासकट ओढून नेली होती. आधी नुसते कावळे जमले, मग वास सुटला. ट्रॅक्टर त्या चिखलात शिरला असता तर तोच रुतला असता. आणि मग शाळेत पोरांना जुलाब सुरू झाले. आमच्या खोलीतल्या बाकांवर पोरं ओळीनं निजवलेली, आई एकाच्या तोंडाला साखर-मिठाचं पाणी लावायची आणि दुसऱ्याच्या पोटाला चिमटा घेऊन कातडी परत बसते का ते बघायची. लोकांना हापशाचंच पाणी प्या म्हणून ती ओरडून ओरडून सांगे, पण भांडी घासायला, धुणं धुवायला माणसं विहिरीवरच जात, आणि तहान लागलेलं पोर ओंजळ कुठं भरतं ते कोण पाहतं? एका सकाळी ती बाबांना म्हणाली, "ती जनावरं तिथून हलवा. नाहीतर मी कितीही पाणी उकळलं तरी ही लेकरं माझ्या हातात राहणार नाहीत." आईचा आवाज कधी कापत नसे. त्या सकाळी कापला.

आबांनी वस्तीवर निरोप धाडला होता, 'जनावरं ओढून न्या.' वस्तीतून नकार आला. नकार देणारा सुखदेव, पंचविशीतला, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर चार जिल्हे पाहिलेला, कमी बोलणारा. आबा स्वतः शाळेपुढं आले तेव्हा तो समोरच उभा राहिला.

"आमच्या बापानं हे काम सोडलं आबा. आमी हात लावनार न्हाई."

"गावावर येळ कसली आलीय ते दिसतंय का तुला?"

"दिसतंय की. आमची बी लेकरं आत निजल्यात."

"मग कावून नको म्हनतो?"

"जनावर तुमचं हाय म्हनून."

आबांचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांसमोर त्यांना असं उत्तर कुणी दिलं नसावं. "ठीक हाय," ते म्हणाले. "तुमचं तुमी बघा. आजपास्नं माज्या हापशावर वस्तीतलं कुनी यायचं न्हाई." आणि ते वळून निघून गेले. वस्तीतल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या तो आवाज माझ्या कानात अजून आहे. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. नुसत्या घागरी टेकल्या.

बाबांनी गाठोड्यांना बांधून आलेला जाड दोर उचलला, नाकाला उपरणं बांधलं आणि ते बाभळीच्या दिशेनं निघाले. मी मागोमाग. मला वाटलं, झालं, बाबा करतील आणि प्रश्न मिटेल. माझ्या बाबांचा मला अभिमान वाटला. इतक्यात सुखदेव धावत आला आणि वाटेत आडवा झाला.

"पास्टर, थांबा."

"सुखदेव, मला जाऊ दे. कुणीतरी करायलाच हवं."

"कुनीतरी न्हाई. तुमी तर बिलकूल न्हाई." त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, बोलावं की नाही असं त्याला झालं असावं. मग तो बोललाच. "तुमचा आजा कोन व्हता ते सगळ्या गावाला ठावं हाय. आज तुमी ह्या दोराला हात लावला, की उद्या गाव म्हनंल, बगा, देव बदलला, शर्ट घातला, तरी काम त्याचं त्यालाच आलं. तुमी बीडला जाताल निगून. आमाला हितंच ऱ्हायचंय."

बाबा उभेच राहिले. त्यांच्या आजीआजोबांबद्दल घरात कधी बोलणं निघालं नव्हतं. आमचं घराणं म्हणजे चर्च, पेटी, शाळा, एवढंच मला ठाऊक. 'तुमचा आजा' म्हणजे काय हे मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी बाबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यावर राग नव्हता. अवघड गणित कुणीतरी आपल्यादेखत सोडवून दाखवलं की माणूस जसा बघत राहतो, तसे ते सुखदेवकडं बघत होते. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे." दोर खांद्यावर टाकून ते मागं फिरले आणि सरळ आबांच्या घराकडं चालू लागले. शाळेपाशी आई दिसली. त्यांनी तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिनं हातातली वाटी बाकावर ठेवली आणि पदराला हात पुसत तीही निघाली. मी मागं, माझ्यामागं कोटातले बापू धनगर, आणि बरंच अंतर ठेवून सुखदेव.

आबांच्या ओसरीवर माणसं बसली होती. बाबा पायरीखालीच थांबले आणि दोराचं एक टोक त्यांनी पुढं केलं. "आबा, जनावरं तुमची आहेत. हे टोक तुम्ही धरा, दुसरं मी धरतो. आपण दोघं ओढू."

"मी?" आबा म्हणाले. "येड लागलं का पास्टर तुमाला? मी मेलेलं ढोर ओढू?"

"ते जिवंत होतं तेव्हा तुमचंच होतं ना?"

"हे बगा, तुमी पावने हाय म्हनून ऐकून घेतो..."

"आबा," आई मधेच म्हणाली. ती कधी पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. "तुमच्या नातवाला काल मी पाणी पाजलंय. डोळे खोल गेलेत त्याचे. सूनबाईंना विचारा."

आबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. दारात त्यांची सून उभी होती, सीताबाई, माझ्याहून फार मोठी नसावी. सासऱ्यासमोर ती कधी बाहेर येत नसे. पोराला ती मागच्या दारानं, कुणाला न सांगता शाळेत घेऊन आली होती. ती उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली, "खरं हाय मामंजी. सांगायचा धीर झाला न्हाई." आणि मग, कुणाला वाटलं नव्हतं, ती उंबरा ओलांडून ओसरीवर आली, पायऱ्या उतरून खाली आली. "त्यातली गाय माजी हाय. माहेरानं दिल्याली. वासरू व्हती तवापास्नं माज्या हातचं खाल्लं तिनं. कावळे टोचत्यात ते मला माडीवरनं दिसतंय. रोज दिसतंय." तिनं पदर कमरेला खोचला आणि बाबांच्या हातातलं टोक घेतलं. "चला पास्टर. मी धरते."

"सीते, घरात जा," आबा म्हणाले.

ती गेली नाही. ती पुढं चालायला लागली. दोर तिच्या आणि बाबांच्या मधे ताणला गेला, मग बाबाही चालू लागले, आणि आई त्यांच्याबरोबर.

ते ओढणं कसं झालं ते मी सगळं लिहीत नाही. चिखल मांडीपर्यंत होता आणि वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. गाईला दोर बांधताना सीताबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला, तेवढं मात्र लिहायला हवं. तिघांना ती हलेना. बापू धनगर कोटासकट चिखलात उतरले. मीही दोर धरला. मग सीताबाईचा नवरा आला, लाजेनं असेल नाहीतर बायकोच्या काळजीनं, आणि त्याच्यामागं ओसरीवरली दोनचार माणसं. गाय निघाली. पहिला बैल निघाला. दुसऱ्याच्या वेळी माझ्या पुढ्यात दोरावर एक म्हातारा हात आला, बोटात चांदीची जाड अंगठी असलेला. मी वर पाहिलं तर आबा. त्यांनी पागोटं काढून ठेवलं होतं, आणि ते कुणाकडंच बघत नव्हते.

सुखदेव आणि वस्तीतली माणसं उंचवट्यावर हाताची घडी घालून उभी होती. ती शेवटपर्यंत खाली आली नाहीत. माझ्या मनात आलं, आता तरी यावं की यांनी. पुढं मी हे बाबांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तो आला असता तर सगळं फुकट गेलं असतं. त्याचं उभं राहणं आपल्या ओढण्यापेक्षा अवघड होतं." मात्र जनावरं खड्ड्यात गेल्यावर, चुना टाकून वर माती लोटायची वेळ आली, आणि आबांना फावडं पेलेना, दम लागून ते वाकले, तेव्हा सुखदेव उंचवट्यावरून उतरला. "द्या हिकडं आबा," तो म्हणाला. "माती कुनी बी लोटावी." आबांनी फावडं दिलं. दोघांत तेवढंच बोलणं झालं. हापशाचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पण दुपारी वस्तीतल्या बायका घागरी घेऊन गेल्या आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी बाबा हापशावर अंग धूत होते आणि मी दांडा मारत होते. मी विचारलं, "सुखदेव म्हणाला ते खरं आहे? तुमच्या आजोबांचं?"

"खरं आहे. ते हेच काम करायचे. ओढायचे, सोलायचे. ते सोडण्यासाठी त्यांनी इथलंच जवळचं गाव सोडलं, देव सोडला." त्यांनी तोंडावरून पाणी घेतलं. "आम्हाला लहानपणी सांगायचे, की पुन्हा ह्या दोराला हात लावायचा नाही. मी आज लावला."

"मग?"

"मग काय. त्यांना एकट्यानं ओढावं लागायचं. मला नाही ओढावं लागलं." ते एवढंच म्हणाले. आई मागून साबण घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं असणार, कारण ती त्यांच्या पाठीला साबण लावू लागली. माझ्यासमोर तिनं असं कधी केलं नव्हतं. मी दांडा मारत राहिले.

जुलाब हळूहळू थांबले. आबांचा नातू वाचला. वस्तीतली एक म्हातारी मात्र गेली आणि तिच्यासाठी आई कितीतरी दिवस स्वतःला बोल लावत राहिली. परतताना आबा आम्हाला निरोप द्यायला आले नाहीत. आईवडिलांच्या कर्तृत्वाबद्दल लिहिताना माणसाला मोह होतो, की गाव बदलला असं लिहावं. तसं काही झालं नाही. सकाळच्या घागरी सकाळी आणि दुपारच्या दुपारीच जात राहिल्या. बीडला आल्यावर बाबांनी त्या दिवसांविषयी चर्चमध्ये एकदाही उपदेश केला नाही. लोकांना त्याचं आश्चर्य वाटे. आता मला वाटत नाही.

पुढं मी आष्टीला शिक्षिका झाले, तिथंच नोकरी संपवली. शेवटच्या वर्षांत ऊसतोडीला जाणारे आईबाप आपली लेकरं आमच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवून जायचे, म्हणजे त्यांची शाळा बुडू नये. एकदा असाच एक तरुण बाप मुलीला सोडायला आला. फाटकाबाहेर कुणाचा तरी बैल मरून पडला होता आणि आमचा शिपाई फोनवर कुणालातरी सांगत होता, त्या अमक्या गल्लीतल्या माणसांना बोलवा म्हणून. त्या तरुणाला नवल वाटलं.

"त्यांला कावून बोलावता मॅडम?" तो मला म्हणाला. "बैल त्यांचा हाय का?"

मी विचारलं, "मग तुमच्याकडं काय करतात?"

"आमच्याकडं ज्याचं जनावर त्यानंच न्यायचं. समदे हात लावत्यात, पर म्होरं मालकच."

"गाव कोणतं तुमचं?"

"टाकळी. सिंदफणेच्या काठाला."

मी विचारलं, "ही पद्धत कधीपासूनची?"

त्यानं खांदे उडवले. मी काहीतरी खुळचट विचारतेय असं त्याला वाटलं असावं. "पयल्यापास्नंच हाय की."

बाबा तेव्हा फार थकले होते, बरंचसं ऐकूही येत नसे. सुट्टीत घरी गेल्यावर मी त्यांच्या कानाशी बसून हे सगळं सांगितलं. सुखदेवचं, सीताबाईचं, त्यांचं स्वतःचं नाव मी घेऊन पाहिलं, पण त्या तरुणाला एकही ठाऊक नव्हतं, हेही सांगितलं. मला त्याचं थोडं वाईट वाटलं होतं. बाबांनी त्या तरुणाचा 'पयल्यापास्नंच' हा शब्द मला दोनदा उच्चारायला लावला. मग ते उशीवर मागं रेलले आणि आईला मोठ्यानं हाक मारून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? पहिल्यापासूनच आहे म्हणतो!"

इतक्या मोकळेपणानं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.